एकादशीचा साबुदाणा

"अक्का, मी घेतली नाही."

भालू एवढंच म्हणाला. कपाळावर सात टाके, डावा हात गळ्यात अडकवलेला. मिरजेतल्या रक्तपेढीच्या दारात, बाकावर बसून माझा धाकटा भाऊ माझ्याकडे बघत होता आणि मी हातातल्या कागदाकडे बघत होते.

परवाना कार्यालयाची नोटीस होती. भालचंद्र कुरुंदवाडे, रक्तपेढीच्या गाडीचा चालक. एकतीस तारखेला सायंकाळी सहाच्या सुमारास गाडी दुभाजकावर चढली. रक्ताच्या चाळीस पिशव्या वाया गेल्या. चालकाच्या कार्डाची नोंद: सायंकाळी ५ वाजून १० मिनिटे, स्टेशन रस्ता, देशी दारूचे दुकान, एक बाटली. परवाना कायमचा का रद्द करू नये याचा खुलासा पुढच्या बुधवारी अकरा वाजता समक्ष करावा.

"म्हैस आडवी आली अक्का. वाडीला दत्तमहाराजांच्या पादुकांवर हात ठेवून सोडली होती मी. चौदा महिने झाले."

"मग ही नोंद कुठून आली?"

"मला काय म्हाईत? तुझंच यंत्र आहे ते. तूच सांग."

आणि मी सांगितलं. आजही आठवलं की जीभ चावावीशी वाटते. मी म्हणाले, "भालू, नोंद खोटं बोलत नाही."

माझी भावजय नंदा शेजारीच उभी होती. भालू प्यायचा तेव्हा ती दोन वर्षं माहेरी होती, सोडल्यावर परत आली होती. तिनं मला विचारलं, "अक्का, तुम्ही त्या कंपनीत आहात. यंत्र चुकतं का कधी?"

"आजवर तरी नाही," मी म्हणाले.

संध्याकाळच्या एसटीनं ती कुरुंदवाडला, माहेरी, निघून गेली. भांडली नाही, रडली नाही. फक्त भालूचा डबा भरून ओट्यावर ठेवून गेली.

आमच्या कंपनीचं नाव नोंदवेध. आणि यंत्राचं नाव मागोवा. यंत्र म्हणायची सवय पडली आहे एवढंच. तसं त्याला ना चाक ना पट्टा. त्याला एपीआय म्हणतात. म्हणजे पोस्टातल्या खिडकीसारखी एक खिडकी, फक्त पलीकडे माणूस नाही. ठरलेल्या नमुन्यात प्रश्न टाकायचा: अमुक कार्ड, अमुक दिवस, अमुक वेळ. ठरलेल्या नमुन्यात उत्तर येतं: कुठे, केव्हा, काय घेतलं. बँका विचारतात, विमेवाले विचारतात, आणि दोन वर्षांपूर्वी कायदा झाल्यापासून सरकारी कार्यालयंही विचारतात. हे लोक प्रश्न नीट विचारतात ना, अडलं तर समजावून सांगायचं, हे माझं काम. त्यांच्यासाठी मराठीत एक पुस्तिका केली आहे, तीही मीच लिहिली. तिचं पहिलं वाक्य असं: "मागोवा दाखवतो ते घडलेले असते."

किती वेळ घालवला होता मी त्या वाक्यावर! सुटसुटीत व्हावं म्हणून.

त्या रविवारी पूजेला बसले तर मन लागेना. गुरुचरित्राचा रोजचा अध्याय वाचताना ओळ निसटायला लागली. पुन्हा वाचली, पुन्हा निसटली. भालूचे डोळे पुढे येत होते. दारुड्याचे डोळे मला ओळखू येतात. आमच्या घरात मी ते बारा वर्षं पाहिलेत. रक्तपेढीच्या बाकावरचे डोळे ते नव्हते.

मग मी स्वतःला विचारलं: वैजयंती, यंत्र चुकतं की नाही हे तू कधी तपासलंस? तपासायचं तर मला अशी गोष्ट हवी, जी मी देवापुढे हात ठेवून सांगू शकेन. आपण गेल्या गुरुवारी काय घेतलं हेसुद्धा माणसाला नक्की आठवत नसतं.

माझ्याकडे तशी एकच गोष्ट होती.

एकोणीस वर्षं मी एकादशीला निर्जळी करते आणि त्या दिवशी पैशाला हात लावत नाही. ना नोट, ना कार्ड. दशमीलाच कार्ड देवघरात, पादुकांच्या खाली. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आई म्हणायची, नेम देवाला ठाऊक असावा, तोंडाला नको. कचेरीत कुणी चहा पुढे केला तर मी म्हणते, "आत्ताच झाला." देव मला त्या खोट्याची क्षमा करत असावा.

सोमवारी कामावर गेले. पंचांगातून मागच्या दोन महिन्यांतल्या चार एकादश्या काढल्या, माझंच कार्ड, माझीच परवानगी, आणि खिडकीत प्रश्न टाकला.

चार उत्तरं आली.

तोडकर किराणा, सकाळी ११:१०. साबुदाणा अर्धा किलो, शेंगदाणे पाव किलो.

तोडकर किराणा, सकाळी ११:२०. साबुदाणा अर्धा किलो. 

पुढच्या दोन्हीही तशाच. एकीला तर वऱ्याचे तांदूळ आणि खजूरही होते. मी दोन महिने एकादशीला झकास फराळ करत होते म्हणायचं!

आधी मला हसू आलं. मग चारही ओळी पुन्हा वाचल्या.

निहार आमच्या विभागाचा प्रमुख. तिशीतला, हुशार, मनानं वाईट नाही. त्याच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले.

"निहार, एकादशीला मी साबुदाणा घेतला असं मागोवा का म्हणतो?"

"घेतला असेल, वैजूताई."

"नाही घेतला."

त्यानं मान वर केली. माझा आवाज मुळात बारीक. पण त्याला त्यात काहीतरी ऐकू आलं असावं. "बसा," म्हणाला. "ती खंडपूर्ती असेल. दोन महिन्यांपूर्वी चालू केली ना आपण."

मग त्यानं मला समजावलं. लहान खरेदीचे पैसे आता कार्डातल्याच खिशातून जातात, बँकेला एकेक कळत नाही. छोट्या दुकानातलं यंत्र दिवसभराच्या नोंदी जमवून रात्री एकदम पाठवतं. तोवर दिवसा कुणी विचारलं तर उत्तरात भगदाड दिसायचं, आणि ग्राहक तक्रार करायचे. म्हणून मागोवा आता अंदाज करतो. या माणसाच्या जुन्या सवयी काय, याच्यासारखी इतर माणसं याच वारी, याच तिथीला, याच गल्लीत काय घेतात, हे बघून तो तात्पुरती नोंद भरतो. रात्री खरी आली की तात्पुरती पुसली जाते.

"तुमच्या वयाच्या, उदबत्ती-तुळशी घेणाऱ्या, तुमच्या गल्लीतल्या शंभर बायकांपैकी नव्वद एकादशीला साबुदाणा घेतात. त्यानं तुम्हाला त्यांच्यात धरलं. अंदाज चांगलाच आहे की."

"आणि मी काहीच घेतलं नसेल तर? रात्री खरी नोंद येणारच नाही. मग तात्पुरती पुसायला कोण येणार?"

त्यानं पडद्याकडे पाहिलं.

"ती तशीच राहते," मीच म्हणाले.

"त्याला वाटतं, खरी वाटेत हरवली. होतं तसं कधीकधी. पण आतल्या तक्त्यात शेरा असतो ना, 'अनुमान' म्हणून."

"मला तो दिसला नाही. परवाना कार्यालयालाही दिसत नाही."

"बाहेर जाणाऱ्या सारांश-उत्तरात नसतो. सरकारी कार्यालयांच्या जुन्या यंत्रणा पाचच रकाने वाचतात. सहावा पाठवला की अडकतात. म्हणून आपण..."

"सहावा गाळला."

"सेवेच्या अटीत लिहिलंय, ताई."

मी त्याला भालूची नोटीस दाखवली. त्यानं ती दोनदा वाचली. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. भालूनं चार वर्षं दर महिन्याच्या शेवटी, पगार झाला की पाच-सव्वापाचला त्याच दुकानात कार्ड टेकवलं होतं. नंतर चौदा महिने टेकवलं नाही. पण न घेतलेल्या बाटलीची पावती नसते. मागोव्याजवळ त्या चार वर्षांच्या अठ्ठेचाळीस पावत्या होत्या, आणि चौदा महिन्यांजवळ काही नव्हतं.

हे त्या क्षणी मला असं लख्ख कळलं, की इतकी वर्षं नेम करून कळलं नव्हतं. सवय यंत्राला कळते. नेम म्हणजे माणसानं स्वतःच्या सवयीला घातलेला मोडता, आणि तो यंत्राला दिसत नाही. माझा उपास आणि भालूची शपथ, दोन्हींवर त्यानं एकाच हातानं साबुदाणा आणि बाटली ठेवली होती.

"आतला तक्ता दे मला. भालूची परवानगी आणते."

"बाहेर द्यायचा तर मुख्य कार्यालयाची लेखी परवानगी लागते. सहा आठवडे."

"सुनावणी परवा आहे."

"ताई, मी आज अर्ज टाकतो. शब्द देतो. पण तुम्ही कंपनीची माणूस म्हणून तिथे काही बोलू नका. तुमची नोकरी जाईल, माझीही."

"तुझं नाव घेणार नाही," मी म्हणाले. "बहीण म्हणून बोलेन. आणि पुस्तिका लिहिणारी म्हणून."

घरी येऊन पंचांग उघडलं. बुधवार. भागवत एकादशी.

मी पादुकांपुढे बसले. नेम बोलून दाखवला की फळ जातं म्हणतात. एकोणीस वर्षांचं फळ. मग मनात आलं, फळ कशाला साठवतेस बाई? भावाच्या कामी येत नसेल तर ते आहे तरी कुणाचं? उठले. कार्ड पादुकांखाली ठेवलं नाही. रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवलं. वापरायचं नव्हतं, दाखवायचं होतं.

बुधवारी पावणेअकराला भालू आणि मी परवाना कार्यालयात. अधिकारी शेडबाळे साहेब, पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. टेबलावर फायलींचा ढीग आणि एका बाजूला मागोव्याचा पडदा. त्यांच्याजवळ एक शिपाई, गोविंदा नावाचा, केस पिकलेला.

"बोला कुरुंदवाडे. काय खुलासा?"

"साहेब, मी घेतली नव्हती."

"सगळे हेच म्हणतात." त्यांनी खणातून एक पुस्तिका काढली. निळं मुखपृष्ठ. मी लांबूनच ओळखली. त्यांनी मोठ्यानं वाचलं, "मागोवा दाखवतो ते घडलेले असते. हे मी म्हणत नाही, कंपनी म्हणते."

"ते मी म्हटलंय," मी म्हणाले.

"अं?"

"ते वाक्य माझं आहे साहेब. मी लिहिलं. आणि ते चुकीचं आहे."

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "तुम्ही कोण?"

"याची थोरली बहीण." मी कार्ड रुमालासकट काढून त्यांच्यापुढे टेबलावर ठेवलं. "हे माझं कार्ड. एकच आहे. आता याला तुम्हीच हात लावा, मी लावणार नाही. माझ्या अंगठ्याची परवानगी घ्या आणि मागोव्याला विचारत राहा, मी आज काय घेतलं."

"बाई, हे काय, जादूचे प्रयोग आहेत?"

"बाराला पाच मिनिटं असेपर्यंत थांबा फक्त. काही झालं नाही तर मी भावाच्या वतीनं चूक कबूल म्हणून सही करून देते."

भालूनं चमकून माझ्याकडे पाहिलं. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, फायलींकडे पाहिलं, मग गोविंदाला म्हणाले, "घे अंगठा. चल, पुढची फाईल आण तोवर."

अकरा दहा झाले. पडद्यावर 'नोंद नाही.'

अकरा वीस. 'नोंद नाही.'

साहेब दुसऱ्या फायलीवर सही करत होते. भालू माझ्या कानाशी म्हणाला, "अक्का, सही करशील?"

"शब्द दिलाय."

"आणि माझ्या परवान्याचं?"

घसा कोरडा पडला होता, पाण्याचा माठ कोपऱ्यातच होता, आणि मी डोळे मिटून दत्तगुरूंना विनवत होते: देवा, आजच्या दिवस तरी या यंत्राला सुबुद्धी देऊ नकोस. असली प्रार्थना मी जन्मात केली नव्हती.

अकरा चाळीस. साहेबांनी पेन मिटलं. "बाई, मला चाळीस फायली..."

"साहेब," गोविंदा म्हणाला. "आलं बघा."

पडद्यावर ओळ उमटली होती. तोडकर किराणा, ११:३८. साबुदाणा अर्धा किलो, शेंगदाणे पाव किलो.

कार्ड साहेबांच्या पेपरवेटखाली होतं.

गोविंदाच आधी म्हणाला, "आता खिचडीला बोलवा बाई आम्हाला."

"गप रे." साहेबांनी कार्ड उचललं, उलटंपालटं केलं. "दुसरं कार्ड असेल. घरी कुणाकडे दिलं असेल."

"घरी कुणी नाही. तोडकरांना फोन लावा."

त्यांनी लावला, आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. "तोडकर किराणा का? परवाना कार्यालयातून बोलतोय. तुमच्या गल्लीतल्या वैजयंती कुरुंदवाडे आत्ता साबुदाणा घेऊन गेल्या का?"

पलीकडून गुरुलिंग तोडकरांचा घोगरा आवाज आला. "कोण, वैजूअक्का? आज?" ते हसले. "आज एकादशी हाय साहेब. एकादशीला त्या दुकानात पाय ठेवत न्हाईत. आज न्हाई, गेली सतरा-अठरा वर्षं न्हाई. मी तर त्यांच्यावरनंच वळखतो, दशमी आली म्हणून. आदल्या दिवशी काडेपेटीपासनं सगळं घेऊन ठेवतात."

मी खाली बघत राहिले. एवढी वर्षं मला वाटत होतं, कुणालाच ठाऊक नाही.

"बरं, बरं," साहेब म्हणाले. फोन ठेवला. थोडा वेळ बोटांनी टेबल वाजवत बसले. मग मी त्यांना रकान्यांची गोष्ट सांगितली. पाच रकाने, सहावा गाळलेला, रात्री पुसली न जाणारी नोंद. निहारचं नाव घेतलं नाही. त्यांनी मधे दोनच प्रश्न विचारले आणि दोन्ही नेमके होते.

"म्हणजे बाई, या पडद्यावर मी दोन महिने ज्यांचे परवाने घेतले..."

"त्यातले किती, ते मला सांगता येणार नाही."

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग स्वतःहूनच स्टेशन रस्त्यावरच्या त्या दारूच्या दुकानाचा नंबर फिरवला. मालक आधी घाबरला, मग दुकानातल्या यंत्राची एकतीस तारखेची, दिवसभराच्या नोंदींची पट्टी काढून वाचली. चार पन्नासची एक होती, पाच बाविसची एक होती. पाच दहाची नव्हती.

"भालचंद्र कुरुंदवाडे आला होता का त्या दिवशी?"

"भालू? तो कुठला येतोय! सोडली त्यानं. वरीस झालं. चांगलं गिऱ्हाईक गेलं साहेब माझं."

गोविंदा तोंडावर हात धरून खिडकीकडे वळला. भालू मात्र हसला नाही. त्याचा खालचा ओठ लहानपणी थरथरायचा तसा थरथरत होता.

साहेबांनी फाईलवर लिहिलं, 'दुकानाची मूळ पट्टी पाहता नोंद सिद्ध होत नाही. कारवाई मागे.' सही केली. मग फाईल बाजूला न ठेवता गोविंदाला म्हणाले, "गेल्या दोन महिन्यांतल्या सगळ्या काढ. आणि सगळ्या दुकानांच्या पट्ट्या मागव." मग माझ्याकडे पुस्तिका सरकवली. "आणि बाई, हे वाक्य."

"बदलते," मी म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात भालू थांबला. मला वाटलं पाया पडेल. तो म्हणाला, "अक्का, तुझी एकादशी खोटी ठरली तेव्हा तुला कळलं, मी खरं बोलतोय."

"हो."

"माझ्या एकट्याच्या शब्दावर नाही कळलं."

"नाही कळलं भालू."

त्यानं रिक्षा बोलावली, मला आधी बसवलं. त्याच्या उजव्या हातानं, सावकाश.

दुपारी कचेरीत गेले. पुस्तिका सुधारून कार्यालयांना पाठवायचा अधिकार माझाच होता; तो कुणी काढून घ्यायच्या आत वापरायचा होता. पहिलं वाक्य खोडलं. त्या जागी लिहिलं: "मागोवा दाखवतो त्यात अंदाजही असतात आणि ते वेगळे दिसत नाहीत. कुणाचा परवाना, नोकरी, विमा किंवा घर यावर ठरत असेल, तर आधी दुकानाची मूळ पट्टी पाहा आणि त्या माणसाला विचारा." दोनशे अकरा कार्यालयं. बटण दाबलं.

दहा मिनिटांत निहार आला. "कुणाला विचारून पाठवलंत?"

"पहिलंही कुणाला विचारून लिहिलं नव्हतं."

तो खुर्ची ओढून समोर बसला. म्हणाला, "मुख्य कार्यालयातून पत्र येईल तुम्हाला."

"येऊ दे. तू तो सहावा रकाना टाक तेवढा."

"यंत्रणा अडकतील."

"अडकू देत. माणसं अडकतायत त्यापेक्षा बरं."

दुसऱ्या दिवशी द्वादशी सकाळी नऊ चाळीसला संपत होती. त्याच्या आत पारणं करायला हवं. मी पहाटेची पूजा केली, नैवेद्य दाखवला आणि तशीच, पाण्याचा घोट न घेता निघाले. भालू रिक्षा घेऊन दारात होता.

"आधी पारणं कर की अक्का."

"आधी कुरुंदवाड."

नंदाच्या माहेरचं घर नदीकडच्या आळीत. नऊ वाजून गेले होते. भालू रिक्षातच बसून राहिला, म्हणाला, "तू जा. मी बोलावल्याशिवाय येत नाही." नंदा अंगणात कपडे वाळत घालत होती. मला बघून तिनं हातातलं लुगडं दोरीवर टाकलं आणि माझ्या तोंडाकडे पाहून आत वळली.

"अक्का, पाणी आणते. ओठ किती सुकलेत."

"थांब नंदा. आधी ऐक. तू मला विचारलंस, यंत्र चुकतं का. मी म्हणाले, नाही. मी तपासलं नव्हतं. भालूनं घेतली नव्हती. दुकानाच्या पट्टीत नाही. पण पट्टी नसती, तरी मी त्याचं ऐकायला हवं होतं. तुला मी घालवलं. चूक माझी."

ती चौकटीला टेकून उभी राहिली. डोळे भरले, पण आवाज खणखणीत होता. "मीही नाहीच ऐकलं त्यांचं. मी तर बायको."

मग तिनं सगळं विचारलं, आणि मी उभ्याउभ्या सांगितलं. साहेब, पेपरवेट, तोडकर, दारूवाल्याचं गेलेलं गिऱ्हाईक. त्याला ती फस्सकन हसली. आत गेली आणि तांब्याभर पाणी, तुळशीचं पान आणि गूळ घेऊन आली. नऊ वाजून चोवीस मिनिटं झाली होती. मी पान तोंडात ठेवलं आणि पाणी प्यायले. घशातून खाली जाताना कळत होतं, कुठवर पोचलं ते.

नंदा बाहेर रस्त्याकडे बघत होती. रिक्षातून भालूचा बांधलेला हात तेवढा दिसत होता.

"अहो," तिनं हाक मारली, "तिथेच बसणार का? आत या." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "अक्का, यंत्रानं तुमच्या नावावर इतका साबुदाणा घेतलाय. आता खिचडी करावीच लागेल."